आबासाहेबांच्या गाडीचा बार

'धाड्‌' असा आवाज झाला आणि नवऱ्या मुलाचे काका, सुभेदार साळुंखे, हातातल्या सरबताच्या पेल्यासकट पाराच्या कडेला पालथे झाले.

"खाली! सगळे खाली!" ते जमिनीवरूनच ओरडले.

पाहुणे मंडळी काही सगळी फौजेतली नव्हती. पण आज्ञा अशी खणखणीत आली, की मुलाचे मामा, आत्या आणि खुद्द नवरा मुलगा पटापट खाली बसले. देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले. कुणाचा तरी बैल दावं तोडून ओढ्याकडं पळाला. मारुतीच्या देवळासमोर निळसर धुराचा लोट तरंगत होता, आणि त्या धुरातून सावकाश, ऐटीत, आमच्या आबासाहेबांची गाडी बाहेर आली.

आबासाहेब उतरले. फेटा सारखा केला, चांदीच्या मुठीची काठी टेकली आणि पालथ्या पडलेल्या सुभेदारांकडं पाहून अदबीनं म्हणाले,

"आपलं काही पडलं का? राहू द्या, गडी शोधून देईल."

माझ्या नणंदेच्या, पद्मिनीच्या, साखरपुड्याची ती सकाळ. आबासाहेब म्हणजे माझे सासरे. गडहिंग्लजच्या पुढं डोंगराच्या कुशीत आमचं गाव, गावाच्या वर टेकाडावर आमचा बंगला, आणि बंगल्यापासून पारापर्यंत सरळसोट उतार. जहागीर केव्हाच गेली होती, तरी गाव आबासाहेबांना अजून 'सरकार' म्हणायचं. मला त्या घरात सून म्हणून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. डोक्यावरचा पदर अजून अंगवळणी पडला नव्हता, पण हसू लपवायला तो फार सोयीचा पडायचा. त्या सकाळी तर मी जवळजवळ सगळा तोंडात कोंबला.

आमच्या यजमानांना मात्र हसू आलं नाही.

दुपारी पाहुणे गेले आणि बापलेक जेवायला बसले. मी वाढत होते. हिंदुराव, म्हणजे आमचे हे, बराच वेळ भाकरीचे तुकडे नुसतेच मोडत होते. मग म्हणाले,

"आबासाहेब, आता पुरे झालं."

"रस्सा? अहो, मी तर अजून घेतलाही नाही."

"गाडीचं म्हणतोय मी. सुभेदारांचा सदरा बघितलात? उद्या वरातीत असला बार झाला तर घोडं उधळेल, माणसं तुडवली जातील."

"गाडी नादुरुस्त आहे. दुरुस्त होईल."

"केव्हापासून दुरुस्तच होते आहे. लोणावळ्याचे ते हॉटेलवाले अजून मागं लागलेत. शोभेची म्हणून दारात उभी करणार आहेत. चांगलं ठेवतील."

आबासाहेबांचा घास हातातच राहिला. चांगलं ठेवतील म्हणजे कसं, ते त्या हॉटेलवाल्यानं आम्हाला मोठ्या हौसेनं सांगितलेलं होतं. इंजिन काढून टाकायचं, बॉनेटच्या जागी माती भरायची आणि त्यात जरबेरा लावायचा.

"पद्माची पाठवणी मीच करणार," आबासाहेब म्हणाले. "आमच्या घराण्यात लेकीला शिवेपर्यंत बाप पोचवतो. आमच्या आत्यांना आजोबांनी बैलगाडीतून पोचवलं, कासरा स्वतःच्या हातात धरून."

"पोचवा की. मी कुठं नाही म्हणतोय? पण वाटेत एक जरी बार झाला, तर?"

"तर दुसऱ्या दिवशी गाडी तुमच्या हॉटेलवाल्याची." आबासाहेबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. "शब्द दिला."

शब्द द्यायची त्यांना फार जुनी खोड होती. अशाच शब्दांपायी निम्मी जमीन गेली होती.

खरं सांगायचं तर मला त्या गाडीचं कौतुक नव्हतं. लढाईच्या आधीची ती विलायती गाडी, आत बसलं की घोंगडीचा आणि जुन्या चामड्याचा वास यायचा. पण सासूबाई गेल्यापासून आबासाहेबांच्या दिवसात जिवंत अशी एकच वेळ उरली होती. उन्हं कलली की ते गाडी काढायचे, बंधाऱ्यापर्यंत जायचे, पाण्याकडं बघत थोडं उभं राहायचे आणि परत यायचे. त्या दिवशी त्यांना भूक लागायची. ज्या दिवशी गाडी उघडून ठेवलेली असायची त्या दिवशी ताट तसंच परत यायचं. ते बघून माझा जीव तुटायचा. आणि गाडी तर बहुतेक वेळ उघडूनच ठेवलेली असायची, कारण ती बाबालाल मिस्त्रीच्या हातात होती.

बाबालाल मुल्लाणी हा पंचक्रोशीतला नावाजलेला मिस्त्री. त्याच्या आज्ज्यानं हीच गाडी कोल्हापूरहून चालवत आणली होती, आणि ही गोष्ट तो ओळख करून देतानाच सांगायचा. नम्रपणा त्याच्या अंगाला शिवला नव्हता. "गाडीचा खोकला ऐकून मी तिचं दुखणं सांगतो," असं म्हणायचा. आमच्या गाडीची त्यानं आजवर बरीच दुखणी सांगितली होती. आधी व्हॉल्व्ह. मग टायमिंग. मग पॉइंट. मग गडहिंग्लजच्या पेट्रोलात पाणी. प्रत्येक वेळी तो काहीतरी उघडायचा, घासायचा, बसवायचा, आणि मग गाडीची परीक्षा व्हायची.

ती परीक्षा बघण्यासारखी असे. बाबालाल स्वतः चाकावर बसायचा, आबासाहेब मागच्या सीटवर काठी टेकून बसायचे, आणि गाडी उतारावरून पारापर्यंत जाऊन परत यायची. आवाज नाही, धूर नाही. रेशमासारखी चालायची.

"बघा सरकार," बाबालाल खाली उतरून छाती फुगवायचा. "बाबालालचा हात लागला की बार-बिर सगळं बंद."

आणि दुसऱ्या दिवशी आबासाहेब बंधाऱ्याकडं निघाले की पाराजवळ 'धाड्‌'.

साखरपुड्यानंतर तर बाबालालनं कार्बुरेटरच सुटा करून पोत्यावर मांडला, परत जोडला, परीक्षा घेतली, पास केली. आणि नेमकं तेव्हा पद्मिनीचे ब्लाउज गडहिंग्लजच्या शिंप्याकडं अडकले. जीप घेऊन हे पत्रिका वाटायला गेलेले. एस.टी. चुकलेली.

"चला, मी सोडतो," आबासाहेब म्हणाले. "गाडी आता ठणठणीत आहे."

मी मागं बसले. सुनेनं सासऱ्याच्या शेजारी बसायची त्या घरात पद्धत नव्हती. मागच्या सीटवरून मला त्यांचा फेटा, खांदा आणि डावा हात एवढंच दिसत होतं. फाटकातून गाडी बाहेर आली, उताराच्या तोंडाशी कडुनिंबाखाली पोचली. आणि त्यांचा डावा हात गिअरवरून उठला, समोरच्या डॅशबोर्डच्या फळीवर गेला, किल्ली फिरवली आणि परत जागेवर आला. इतक्या सहज, जसा एखादा कानामागं खाजवतो.

इंजिन बंद पडलं. फक्त चाकांखालच्या खडीचा आवाज राहिला. गाडी गिअरमध्येच होती, तशीच उतरत चालली. मी काही विचारणार, तोच पार दिसू लागला, हात पुन्हा उठला, किल्ली पुन्हा फिरली.

'धाड्‌!'

पारावरची म्हातारी माणसं एकदम उभी राहिली. एकानं मुजराही केला.

"पाहिलंत?" आबासाहेब मागं वळून म्हणाले. आवाज दुखावलेला होता. "आपण काही केलं का? काही नाही. गप्प चाललो होतो. आणि ही अशी."

मी पदराआडून मान हलवली. हसू नव्हतंच आता. तो हात मी ओळखला होता. माझे वडील कागलला शाळामास्तर, त्यांच्याकडं एक स्कूटर होती, आणि कुठलाही उतार आला की त्यांचा हात असाच किल्लीवर जायचा. उतारावर कशाला पेट्रोल जाळायचं, म्हणायचे. आमच्याकडं ज्याला गाडी आहे त्याला ही सवय आहेच. पण ती सरकारांनाही असेल हे कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. धोंडिबा ड्रायव्हर म्हातारा होऊन गावाकडं गेला आणि आबासाहेब स्वतः गाडी चालवू लागले, तेव्हापासूनचं हे दुखणं. तरी आजपर्यंत एकही मिस्त्री त्यांच्या शेजारी बसला नव्हता. सरकारांनी गाडी हाकावी आणि मिस्त्रीनं पाहुण्यासारखं बसून राहावं, हे कुणाला शोभणार? म्हणून दर वेळी परीक्षा मिस्त्रीची व्हायची, आणि मिस्त्री पास व्हायचा.

शिंप्याकडं जाऊन परत येईपर्यंत मी विचार करत होते. यांना सांगावं? सांगितलं असतं तर हे शांतपणे म्हणाले असते, म्हणजे दोष गाडीचा नाहीच, आबासाहेबांचा आहे. आणि लग्नाआधीच किल्ली काढून घेतली असती. गाडी बिघडली तर तिला मिस्त्री आहे. सत्तरीच्या माणसाचा हात बिघडला म्हटलं, की त्याला बसायला फक्त आरामखुर्ची.

आबासाहेबांना सांगावं? ज्या माणसासमोर मी अजून मोठ्यानं शिंकले नव्हते त्याला?

संध्याकाळी मी चहा घेऊन गाडीखान्यात गेले. बाबालाल बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता आणि इंजिनाला आईबहिणीवरून बोलत होता. मला बघून गप्प झाला.

"मिस्त्री," मी म्हटलं, "उतारावर चालत्या गाडीची किल्ली बंद केली आणि खाली येऊन परत चालू केली, तर काय होतं?"

"काय व्हायचं? इंजिन फिरतंय, पेट्रोल ओढतंय, पर ठिणगी न्हाई. मग ते तसंच कच्चं सायलेन्सरात जाऊन बसतंय. किल्ली दिली की..." तो थांबला. चहाची बशी त्याच्या हातात तशीच राहिली. "कोण बंद करतंय?"

मी नुसती बंगल्याकडं मान केली.

बाबालाल मटकन पोत्यावर बसला.

"म्हंजे व्हॉल्व्ह चांगलं हुतं," तो अखेर म्हणाला.

"असावं."

"टायमिंग बी चांगलं हुतं."

"तुमच्या हातात काय वाईट होणार?"

"आन मी त्या पंपवाल्याला चारचौघांत पाणीचोर म्हणालो." त्यानं कपाळावर हात मारला, कपाळ काळं झालं. "आन वर पेट्रोल वाचतच न्हाई की वो! सगळं सायलेन्सरात जातंय."

"ते तुम्ही सांगा त्यांना."

"मी?" तो ताडकन उठला. "वैनीसाहेब, माझ्या आज्ज्यानं ही गाडी आणलीया. मी सरकारांस्नी सांगू, की बिघाड गाडीत न्हाई, तुमच्यात हाय? आन गावाला काय सांगू? बाबालाल इतकी वर्सं चांगली गाडी उघडत हुता म्हणून?"

ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. दोष गाडीतच असणं त्यालाही आबासाहेबांइतकंच गरजेचं होतं.

"मग असं करा," मी म्हटलं, "दोष गाडीतच शोधा."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. पहिल्यांदाच.

"म्हंजे?"

"म्हणजे नवीन काहीतरी बसवा. आणि ते बसवलं की किल्लीला हात लावायचा नाही, अशी अट घाला. तुमची अट म्हणजे मशिनची अट. ती पाळायला त्यांना कमीपणा नाही."

"हात सवयीचा हाय. अट डोक्यात ऱ्हाईल, हातात न्हाई ऱ्हाणार."

"मग शेजारी कुणीतरी बसायला पाहिजे."

"कोण बसंल सरकारांच्या शेजारी?"

"मशिनच तसं असेल तर कुणाला तरी बसावंच लागेल," मी म्हटलं.

बाबालालच्या मिशा हळूहळू वर गेल्या.

माळ्यावर सासूबाईंचा जुना रेडिओ होता. त्यांच्या पश्चात तो कुणी लावला नव्हता, आणि लावायचा म्हटलं तरी तो वाजण्यासारखा राहिला नव्हता. त्याची मोठी काळी कळ मी काढून आणली. तिच्याभोवती पांढरे आकडे होते. बाबालालनं ती डाव्या सीटसमोर, फळीवर, अशी झोकात बसवली की गाडीबरोबरच विलायतेहून आल्यासारखी वाटावी. मागून एक तार जोडली, ती फळीतून आत घातली, आणि मला डोळ्यांनीच खूण केली, की झालं.

लग्नाला दोन दिवस राहिले असताना त्यानं घरच्या सगळ्यांसमोर जाहीर केलं.

"सरकार, दुखणं सापडलं. उतारावर इंजिनाला श्वास पुरत न्हवता. ही श्वासाची कळ बसीवली. उतार लागला की ही वढून धरायची, सपाटी आली की सोडायची."

आमच्या ह्यांनी वाकून पाहिलं. "ही रेडिओची कळ वाटते."

"विलायती माल सगळा असाच दिसतो, साहेब."

"मी चाक धरू की कळ धरू?" आबासाहेबांनी विचारलं.

"तुम्ही चाकच धरायचं, सरकार. कळीला डाव्या अंगाला दुसरं माणूस लागतंय. हलक्या हाताचं. गडीमाणूस न्हाई चालायचं, तार तुटंल." त्यानं अंगणभर नजर फिरवली आणि फार विचार केल्यासारखं दाखवून म्हणाला, "वैनीसाहेब चालतील."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर पुढं ओढला.

"आन एक अट हाय. कळ वढलेली असताना किल्लीला हात लागता कामा नये. लागला तर पार्ट जळाला."

"चालत्या गाडीत किल्लीला कोण कशाला हात लावेल?" आबासाहेब म्हणाले.

बाबालाल चप्पल शोधू लागला. आबासाहेब पुढं झाले, त्या काळ्या कळीवरून त्यांनी अंगठा फिरवला, आकड्यांवरून, अगदी सावकाश.

"कळ चांगली आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी हळद. घर बायकांनी भरलेलं. कासार येऊन बसला होता, घरातल्या सगळ्या बायकांना हिरवा चुडा भरत होता. माझ्याही हातांत कोपरापर्यंत बांगड्या झाल्या. तेवढ्या गडबडीत आबासाहेब मागच्या दारी दिसले. मला खूण करून म्हणाले,

"सूनबाई, एखादं लिंबू मिळेल का? हाताला हळद लागली, निघत नाही."

मी लिंबू कापून दिलं. मागच्या दाराशी उजेड कमी होता आणि मला घाई होती. ते दोन्ही हात धोतराच्या सोग्यात धरून उभे होते, त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

लग्न झालं. जेवणं झाली. पाठवणीची वेळ झाली तेव्हा गाडी बंगल्यासमोर उभी होती, बॉनेटवर झेंडूची माळ, आणि बाजूला तो लोणावळ्याचा हॉटेलवाला. ह्यांनीच त्याला आमंत्रण दिलं होतं. तो टायरला बोटानं टोचून बघत होता.

"बाबालालची कळ जरा मला बघू दे," हे अचानक म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

ती तार आत कुठं जाते हे मी विचारलं नव्हतं, पण कुठंच जात नाही एवढं मला ठाऊक होतं. बाबालाल मांडवाच्या खांबाआड सरकला. आबासाहेब पायरीवर उभे राहून फेट्याचा शेमला नीट करत होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

"सूनबाई, कळ ओढा," हे इंजिनात वाकून म्हणाले. लोकांसमोर हेही मला सूनबाईच म्हणायचे, चिडले असले की.

मी डाव्या सीटवर बसले आणि कळ ओढली. आतून 'टक्‌' असा नाजूक आवाज आला. तो आवाज ऐकून सगळ्यात जास्त मीच दचकले.

"सोडा."

सोडली. पुन्हा 'टक्‌'.

"हं," हे म्हणाले. "कार्बुरेटरच्या पट्टीला घेतली आहे. स्प्रिंगसुद्धा लावलीय. काम बाकी सफाईदार आहे." त्यांनी बॉनेट बंद केलं.

मांडवाच्या खांबाआडून बाबालालचं अर्धं तोंड दिसत होतं. ते उघडं होतं.

पद्मिनी आणि जावईबापू मागं बसले. पद्मिनी रडत होती, जावईबापू तिच्याकडं न बघता सारखे सायलेन्सरच्या बाजूला बघत होते. मागच्या जीपमध्ये हे, हॉटेलवाला आणि सुभेदार साळुंखे. सुभेदारांनी नवा सदरा घातला होता आणि जीपच्या दाराला घट्ट धरून ठेवलं होतं. खाली पारावर सगळं गाव जमलं होतं. बँडवाल्यांनी आपण होऊन वाजवणं थांबवलं. आयांनी पोरांचे कान झाकले.

कडुनिंब आला. उतार लागला. मी कळ ओढून धरली.

आबासाहेबांचा डावा हात गिअरवरून उठला. किल्लीच्या दिशेनं निघाला. 'आबासाहेब, नको' एवढे दोन शब्द, पण मागं लेक बसली होती, जावई बसला होता, आणि त्यांच्यासमोर सुनेनं सासऱ्याला टोकायचं? शब्द काही निघेनात. मी मोकळा हात जोरात झटकला. कोपरापर्यंतचा हिरवा चुडा खणखणला.

हात हवेतच थांबला. क्षणभर तिथंच राहिला. मग पुढं गेला, किल्ली ओलांडून काचेपर्यंत, आणि काचेवरची नसलेली धूळ पुसून गिअरवर परत आला.

गाडी गुरगुरत उतार उतरली. पार आला, देऊळ आलं, कान झाकलेली पोरं आली. काहीही झालं नाही. पारावरची म्हातारी एकमेकांकडं बघत राहिली. एक जण मागं मोठ्यानं म्हणाला, "आज सरकारांनी सलामी दिली न्हाई रं!" आणि मला वाटतं, गावाची जरा निराशाच झाली.

शिवेवर आबासाहेबांनी गाडी उभी केली, खाली उतरले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. पद्मिनी त्यांच्या गळ्यात पडून हमसून रडली. मग ती जावईबापूंच्या गाडीत बसली आणि गेली. हॉटेलवाला आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. आबासाहेबांनी त्याचा हात सभ्यपणे उचलला आणि बाजूला केला.

"जरबेरा कुंडीतसुद्धा चांगला येतो म्हणे," ते म्हणाले.

संध्याकाळी पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर बाबालाल आपली हत्यारं न्यायला आला. मी त्याला लाडवांची पुडी दिली आणि हळू आवाजात म्हटलं,

"मिस्त्री, तुमचे उपकार झाले. तार जोडून ठेवलीत म्हणून निभावलं. मी तर मेलेच होते."

"मी जोडली?" त्यानं इकडंतिकडं बघितलं. "वैनीसाहेब, तुमची शप्पत. मी तार नुसती आत खुपसून सोडली हुती, लोंबकळती. स्प्रिंग तर माझ्याकडं असली हायच न्हाई. मला वाटलं, तुम्हीच कुणाकडनं तरी..."

तो एकदा गाडीखान्याकडं आणि एकदा बंगल्याच्या ओसरीकडं बघून हत्यारांची पिशवी उचलून चालता झाला. त्यानंतर गाडीचं दुखणं खोकल्यावरून ओळखतो असं म्हणताना मी त्याला ऐकलं नाही.

ओसरीवर आबासाहेब आरामखुर्चीत बसले होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घ्यायला हात पुढं केला, आणि दिव्याच्या उजेडात मला त्यांची बोटं नीट दिसली. स्वच्छ घासलेली होती. फक्त नखांच्या कडांना बारीक काळ्या रेघा राहिल्या होत्या. लिंबानं हळद निघते, ग्रीस निघत नाही.

मी बघते आहे हे त्यांनी बघितलं. घाई न करता कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"रेडिओ तुमच्या सासूबाई लावायच्या," ते अंगणाकडं बघत म्हणाले. "आवाज मोठा झाला की मी इथून ओरडायचो. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, आणि थोड्या वेळानं आपण होऊन कळ फिरवायच्या. मला वाटायचं, माझ्याच सांगण्यावरून फिरवली."

मी उभीच राहिले. डोळे भरून आले होते आणि पदर घामानं ओला होता, त्याचा काही उपयोग नव्हता.

आबासाहेबांनी बशी खाली ठेवली.

"उद्या बंधाऱ्याकडं जावं म्हणतो," ते म्हणाले. "उन्हं कलली की निघू. कळ धरायला माणूस लागतं."

"येते," मी म्हटलं.

"आणि बांगड्या काढू नका इतक्यात."